एकच बेस, बोटांनाही आणि गजालाही: तारा निवडतानाचा माझा अनुभव

पुण्यात डबल बेस (व्हायोलिनच्या घराण्यातलं, माणसाएवढं उंच खर्जाचं वाद्य) वाजवणारे मोजकेच, त्यामुळे जो वाजवतो त्याला सगळंच वाजवावं लागतं. शनिवारी रात्री कोरेगाव पार्क नाहीतर बाणेरला जॅझ त्रिकुटात बोटांनी तारा छेडायच्या आणि रविवारी सकाळी कॅम्पात ऑर्केस्ट्राच्या तालमीला गज घेऊन उभं राहायचं. ऐपत असलेले वादक यासाठी दोन वाद्यं ठेवतात. माझ्या घरात एकच बेस मावतो, आणि तोही ठेवायचा म्हणून दिवाणखान्यातली एक खुर्ची गावी पाठवावी लागली.

बेस घेतला तेव्हा त्यावर कुठल्या तारा होत्या हे विकणाऱ्यालाही माहीत नव्हतं. बेसला खर्जाकडून वर ई, ए, डी, जी अशा चार तारा असतात; त्या इतक्या बसल्या होत्या की ई तार छेडली तर नुसता ‘ढप’ असा आवाज यायचा. बदलणं भागच होतं. पण गिटारच्या तारा कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात तशा या मिळत नाहीत. मुंबईहून किंवा परदेशातून मागवायच्या, वर कस्टम ड्युटी, म्हणजे चांगला संच पंधरा-वीस हजारांच्या पुढेच जातो. आवडला नाही म्हणून परतही करता येत नाही. म्हणून मी आधी ओळखीपाळखीतून उसने संच गोळा केले. बेसवाले एकमेकांना तारा उसन्या देतात, ही या जमातीची मोठीच चांगली सवय.

अडचण मुळातच आहे. छेडलेल्या तारेला जोर एकदाच मिळतो. तिच्या आत तो जितका कमी जिरेल तितकी आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, लांबते, आणि जॅझमध्ये तीच हवी असते. गजाचं गणित वेगळं. गजाच्या केसांना चोळलेल्या चिकट राळेमुळे ते केस तारेला धरतात, ओढत नेतात, तार सुटते, पुन्हा धरली जाते; ई तारेवर हे सेकंदाला साधारण ४१ वेळा आणि जी तारेवर ९८ वेळा होतं. हे चक्र पहिल्या क्षणातच बसलं नाही तर सुराच्या आधी खरखर ऐकू येते. ते लवकर बसायला तारेने नको ती कंपनं स्वतःच गिळलेली बरी. म्हणजे एकाला जे हवं, तेच दुसऱ्याला नको.

पहिला संच थोमास्टिक कंपनीचा स्पायरोकोर, मिटेल म्हणजे मध्यम ताणाचा. आत पोलादी तारांचा पीळ, वर क्रोमचं वेष्टण. जॅझवाल्यांची ही जुनी आवडती तार, आणि छेडल्याबरोबर कारण कळलं. ई तारेला असा गुरगुरता खर्ज आला की वरच्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यात विचारलं, “नवीन वाद्य घेतलंस का रे?” गज लावला तर मात्र प्रत्येक सुराची सुरुवात वाळूवरून चालल्यासारखी. गज सावकाश ओढला, घोडीच्या (तारा जिच्यावर टेकतात त्या लाकडी फळीच्या) जवळ नेला, राळ कमी केली. बरंच सुधारलं, पण जलद ओळींत सूर बसायच्या आत पुढचा सूर यायचा.

मग पिरास्ट्रो कंपनीच्या फ्लेक्सोकोर तारा. त्या ऑर्केस्ट्रासाठीच्याच. गज ठेवला की सूर हजर. चेलोंच्या शेजारी बसून पहिल्यांदा मला माझा आवाज त्यांच्यात मिसळलेला ऐकू आला. त्याच आठवड्यात ड्रमरबरोबर वाजवलं, तर आस लवकर संपायची आणि संथ गाण्यात दोन ठोक्यांच्या मधली जागा रिकामी पडायची.

आतड्याच्या तारांचा विचार मी केलाच नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बेसवर सर्रास त्याच असत आणि आवाज देखणा असतो, पण मे महिन्याचा कोरडा उन्हाळा आणि जुलैची ओल यांत त्या सुरात ठेवायला मला एक माणूस पगारावर ठेवावा लागला असता. त्यांच्या आवाजाच्या जवळ जाणारा पर्याय म्हणजे कृत्रिम धाग्याच्या गाभ्याच्या तारा. त्यांपैकी एव्हा पिराझी वाइख, म्हणजे कमी ताणाच्या, मिळाल्या. डी आणि जी तारांवर गज आणि बोटं दोन्ही खूश. खालच्या दोन तारा मात्र माझ्या बेसवर जरा सैल वाटल्या. हा दोष तारेचा नाही. माझ्या बेसच्या पाठी-बाजू प्लायवूडच्या आहेत, त्याला खाली थोडा धाक लागतो.

निवड शेवटी मुंबईतल्या एका ज्येष्ठ वादकांमुळे झाली. फोनवर ते म्हणाले, “अहो, स्पायरोकोर नवीन असताना गजाने वाजवून मत बनवू नका. वर्षभर वाजू द्या, मग बघा.” आणि स्वतःची उतरवलेली ई-एची जोडी पाठवली. चकाकी गेलेली, पण आस शाबूत आणि गज आश्चर्य वाटावं इतका चटकन धरणारी. आता माझ्या बेसवर खाली त्या दोन आणि वर एव्हाच्या डी-जी आहेत. अशी सरमिसळ सर्रास चालते. फक्त एका तारेवरून दुसरीवर जाताना आवाज तुटतो का हे स्वतःच्या कानांवर सोडू नका. वाद्याला चिकटून उभ्या माणसाला वेष्टणावरून घसरणारं बोटही ऐकू येतं, दहा फुटांवरच्याला नाही. मी बायकोला हॉलच्या शेवटच्या रांगेत बसवलं. गजाची जी खरखर मला छळत होती तिच्यातली निम्मी तिथपर्यंत पोचतच नव्हती.

तारा चढवताना एकेकच बदला. चारही तारांचा ताण मिळून शंभर किलोच्या वर असतो. तो एकदम काढला तर घोडी आडवी होते आणि आतला साउंड पोस्ट, म्हणजे वाद्याच्या पोटात उभा असलेला लाकडी दांडा, पडू शकतो. तारा बसतात त्या खाचांत शिसपेन्सिल घासा. सुरात लावताना घोडीचं डोकं बोटांखालच्या पट्टीकडे ओढलं जातं, ते अधूनमधून मागे घ्या.

घोडीच्या उंचीने तर तारांइतकाच फरक पडला. माझ्या घोडीच्या पायांत फिरवायच्या चकत्या आहेत. पट्टीच्या टोकाशी जी सहा मिलिमीटरवर आणि ई नऊवर ठेवली तेव्हा दोन्ही हातांचं जमलं. यापेक्षा खाली आणलं की छेडताना तार पट्टीवर आपटते, वर नेलं की डावा हात तासाभरात बोंबलतो. पावसाळ्यात लाकूड फुगून उंची आपोआप वाढते, तेव्हा चकत्या थोड्या खाली. राळेचंही तसंच: बेसची राळ मऊ असते, एप्रिलमध्ये गाडीत विसरली तर डबीत वितळते. उन्हाळ्यात मी जरा कडक राळ वापरतो.

एव्हाच्या दोन तारा मी सुट्या मागवल्या. जुन्या जोडीचे पैसे ते ज्येष्ठ वादक घेत नव्हते. चितळ्यांची बाकरवडी पाठवली, ती मात्र पोचल्याचा लगेच फोन आला.