टोकन देण्याआधी गट नंबर माग

परवा दुकान बंद करायच्या वेळेला आतेभावाचा फोन आला. "ताई, सिन्नरला समृद्धीच्या जवळ प्लॉट बघितलाय. दोन गुंठे. उद्या टोकन द्या म्हणतायत, देऊ का?" अर्धं ओढलेलं शटर तसंच सोडून मी त्याला सांगितलं, आधी गट नंबर माग, म्हणजे सरकारी नोंदीतला त्या जमिनीचा नंबर. मग बोलू.

नाशिकरोडला माझं मेडिकल आहे. जमीनजुमल्यातलं मला काही कळत नव्हतं. २०१९च्या दिवाळीत हातात थोडे पैसे होते आणि त्र्यंबक रस्त्याला, आतल्या एका गावात, एका एजंटने दोन गुंठ्यांचा तुकडा दाखवला. चुन्याची फक्की मारलेली होती, कोपऱ्यांना दगड रोवले होते. "२०२७ला कुंभमेळा आहे, तोवर भाव तिप्पट" हे त्याचं वाक्य मला अजून आठवतं. ५१ हजार रोख दिले. पावती वहीच्या कागदावर.

मामा तहसीलमध्ये अव्वल कारकून होते. आठवड्याने घरी आले, तेव्हा मी कौतुकाने सातबारा पुढे ठेवला. मी त्यात फक्त मालकाचं नाव बघितलं होतं. मामांचं बोट तिथे गेलंच नाही. ते आधी वर 'भूधारणा पद्धती'वर थांबलं. भोगवटादार वर्ग २, म्हणजे विकायला सरकारी परवानगी लागणारी जमीन. मग 'कुळ, खंड व इतर अधिकार' या रकान्यात खाली खाली गेलं आणि एका ओळीवर टेकलं. आदिवासी खातेदार, कलम ३६अ. "अगं, जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ही जमीन तुला कुणी विकूच शकत नाही. आणि तू शेतकरी कुठे आहेस?"

महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. तुकडेबंदीचा, म्हणजे शेतजमिनीचे बारीक तुकडे करू न देणारा कायदा तर १९४७चा. एकराचे ४० गुंठे, पण कायदा मोडून केलेला दोन गुंठ्यांचा तुकडा तेव्हा सातबाऱ्यावर आपल्या नावाने वेगळा लागत नव्हता. बिगरशेतीचा आदेश आणि मंजूर लेआउट हातात नव्हता, म्हणजे ती फक्की फक्कीच. आठ महिने फेऱ्या मारून ३० हजार परत मिळाले. उरलेले २१ हजार गेले. ते मी दिवसाला बारा तास उभं राहून मिळवले होते, म्हणून आजही टोचतं.

नंतर दीड वर्ष मी काही घेतलं नाही, फक्त बघत राहिले. नदीकाठची स्वस्त घरंही बघितली. २००८चा गोदेचा पूर आम्ही पाहिलेला आहे, त्यामुळे पूररेषेचा नकाशा मागायला मला कुणी शिकवावं लागलं नाही. त्या नकाशातल्या निळ्या रेषेच्या आत बांधकामावर बंधनं आहेत, तिथला कमी भाव उगीच नसतो. नवीन स्कीमही बघितल्या. एक बिल्डर करारनामा नोंदवायच्या आधीच २० टक्के मागत होता. रेरा या बिल्डरांवरच्या कायद्यात १० टक्क्यांची मर्यादा आहे म्हटल्यावर त्याने विषय बदलला, मी उठून आले.

शेवटी २०२१ मध्ये पाथर्डी फाट्याला जुना वन बीएचके घेतला. अंबड एमआयडीसी जवळ, भाडेकरू मिळतो, हा एवढाच हिशेब. किंमत २१ लाख, कर्ज १६ लाख. वरचे पाच लाख मी जमवले होते, पण बँक कर्ज देते ते घराच्या किमतीवर, बाकी खर्चावर नाही. एकट्या माझ्या नावावर घेतल्यामुळे बायकांची एक टक्क्याची सवलत मिळूनही मुद्रांक शुल्क १ लाख ५ हजार, नोंदणी २१ हजार, सोसायटी ट्रान्सफर २५ हजार, दलाली २१ हजार, वायरिंग आणि रंगाचे ६० हजार. सव्वादोन लाखांच्या वर खर्च झाला. त्यासाठी पाटल्या मोडल्या.

भाडं ८ हजार. वर्षातला एक महिना घर रिकामं राहतंच. ११ महिन्यांचे ८८ हजार, त्यातून मेंटेनन्स, घरपट्टी, दुरुस्ती काढली की ६७ हजारांच्या आसपास उरतात. म्हणजे घातलेल्या पैशावर तीन टक्केही नाहीत. एफडी यापेक्षा जास्त देते. भाड्यात हप्ता निघतो असं कुणी सांगितलं, तर त्याच्याकडून हे आकडे लिहून घ्या. माझा हप्ता १२,४०५ होता. सहा महिन्यांचे हप्ते बाजूला ठेवल्याशिवाय मी कुणालाच हो म्हणायला सांगणार नाही, कारण पुढे काय झालं बघा. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना कर्ज देते तो दर, ४ वरून साडेसहा टक्क्यांवर गेला, माझं व्याज सातावरून साडेनऊवर. हप्ता तेवढाच राहिला म्हणून मी निर्धास्त होते. स्टेटमेंट काढलं तर हप्त्यातले जेमतेम दीडशे रुपये मुद्दलात जात होते. बाकी सगळं व्याज. बँकेत जाऊन हप्ता १५ हजार करून घेतला, तेव्हा मुदत १८ वर्षांवर आली.

अजून एक. मी घर बघितलं मे महिन्यात, भिंती कोरड्या ठणठणीत. जुलैत बाथरूममागच्या भिंतीवर फोड आले. नखाने दाबलं की रंगाचा पापुद्रा सुटायचा आणि आतून पांढरा खार पडायचा. गळती वरच्या फ्लॅटमधून होती. सोसायटी आणि वरचे काका यांच्यात मी तीन महिने चकरा मारल्या. आता कुणी घर बघायला जाणार असेल तर मी म्हणते, आषाढात जा.

भाडेकरू अंबडची दोन पोरं, फार चांगली. त्यांचा भाडेकरार नोंदवूनच केला. ११ महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही असं अजून बरेच जण समजतात. आपल्याकडे प्रत्येक भाडेकरार नोंदवणं बंधनकारक आहे, नाही नोंदवला तर अडचणीत घरमालकच येतो.

आतेभावाचा काल मेसेज आला, गट नंबर मिळाला म्हणून. रविवारी तो आणि मी मामांकडे जाणार आहोत. तीस वर्षांचे फेरफार, म्हणजे जमिनीच्या मालकीतल्या बदलांच्या नोंदी, काढून आण असं त्याला सांगितलंय. एजंट रोज फोन करतोय म्हणे, दुसरा गिऱ्हाईक तयार आहे म्हणून. घेऊ दे त्याला.