एका आज्ञेचे दोन क्रमांक

भोसरीतल्या एका कारखान्यात कंपन-चाचणीच्या यंत्राला आमचे नमुने गोळा करणारे कार्ड जोडलेले आहे आणि त्या कार्डाचे लिनक्स कर्नेल मॉड्यूल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला (कर्नेलला) जोडला जाणारा ड्रायव्हर, मी २०१६ साली लिहिले होते. तेव्हाचा बोर्ड ३२ बिटी एआरएमचा होता. गेल्या पावसाळ्यात त्याच्या जागी कॉर्टेक्स-ए५३ प्रोसेसरचा, ६४ बिटी कर्नेल चालवणारा बोर्ड आला आणि मॉड्यूल त्यावर एकही इशारा न देता कंपाइल झाले. पडद्यावर आलेख काढणारा प्रोग्रॅम मात्र जुना ३२ बिटीच ठेवायचा होता, कारण ग्राहकाच्या गुणवत्ता विभागाने नेमकी तीच बायनरी तपासून मंजूर केली होती. सकाळी अकराच्या सुमारास आम्ही तो सुरू केला, तेव्हा आलेखाच्या जागी रिकामी चौकट आली आणि तिच्याखाली एकच ओळ उमटली: ‘इनअप्रोप्रिएट आयओसीटीएल फॉर डिव्हाइस’, म्हणजे या उपकरणाला ही आयओसीटीएल आज्ञा लागू नाही.

वाचणे आणि लिहिणे या दोन क्रियांत न बसणारे जे काही उपकरणाला सांगायचे किंवा विचारायचे असते, ते १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीपासून आयओसीटीएल या एकाच सिस्टिम कॉलमधून (प्रोग्रॅमने कर्नेलला मारलेल्या हाकेतून) सांगितले जाते आणि कोणती आज्ञा आहे ते क्रमांकावरून ओळखले जाते. हा क्रमांक मनाला येईल तसा ठरवायचा नसतो. एआरएम आणि इंटेलवर त्याच्या ३२ बिटांपैकी सर्वांत वरचे २ बिट माहितीची दिशा सांगतात, पुढचे १४ बिट सोबतच्या स्ट्रक्चरचा (एकत्र बांधलेल्या माहितीच्या घटकांचा) बाइटमधला आकार, त्यानंतरचे ८ ड्रायव्हरचे ओळख-अक्षर आणि शेवटचे ८ अनुक्रमांक. ओळख-अक्षरांची यादी कर्नेलच्या दस्तऐवजांत ठेवलेली असते. मी त्या यादीतून ‘क्यू’ हे अक्षर घेतले होते आणि त्याचे सुरुवातीचे क्रमांक सीरियल इनपुटच्या एका हेडरकडे (व्याख्यांच्या फाइलकडे) असल्यामुळे माझे अनुक्रमांक हेक्झ (सोळाच्या पायावरच्या) ४० पासून सुरू केले होते. एवढी काळजी घेतल्यावर काही चुकेल असे मला तेव्हा वाटले नव्हते.

पहिला तास मी चुकीच्या जागी घालवला. ड्रायव्हरच्या आयओसीटीएल फंक्शनच्या पहिल्याच ओळीत एक प्रिंट टाकला, तरी कर्नेलच्या लॉगमध्ये काहीच उमटेना, म्हणून उपकरणाची फाइलच चुकीची उघडली जात असावी असा माझा समज झाला. प्रत्यक्षात कॉल ड्रायव्हरपर्यंत पोहोचतच नव्हता. ३२ बिटी प्रोग्रॅमचा कॉल ६४ बिटी कर्नेलमध्ये वेगळ्या वाटेने येतो आणि ड्रायव्हरने अशा कॉलसाठीचे ‘कॉम्पॅट’ फंक्शन दिलेले नसेल, तर कर्नेल स्वतःच त्रुटी क्रमांक २५ परत देतो. कर्नेलच्या ५.५ आवृत्तीपासून पॉइंटरचे रूपांतर करून मूळ फंक्शनला हाक मारणारे तयार कॉम्पॅट फंक्शन मिळते, ते मी जोडले. आता प्रिंट उमटला. त्रुटी मात्र तीच राहिली, फक्त या वेळी ती माझ्याच स्विचच्या ‘डिफॉल्ट’ फांदीतून, म्हणजे आज्ञेचा क्रमांक ओळखीचा नसल्यास चालणाऱ्या भागातून, येत होती.

शेजारच्या टेबलावरून माझ्या वरिष्ठ सहकारी उठून आल्या आणि लॉगमधला लांबलचक दशमान आकडा पाहून म्हणाल्या, “अहो, हा आधी हेक्झमध्ये छापा. दशमानात तुम्हाला काय दिसणार आहे?” प्रोग्रॅमकडून आलेला क्रमांक ८००८७१४० होता. मॉड्यूल ज्या क्रमांकाची वाट पाहत होते, तो ८०१०७१४०. दिशा तीच, ‘क्यू’चा ७१ तोच, अनुक्रमांक ४० तोच, फरक होता तो मधल्या ०८ आणि १० मध्ये, म्हणजे ८ बाइट आणि १६ बाइट.

माझ्या स्ट्रक्चरमध्ये दोनच घटक होते: निवडलेल्या चॅनेलचा ३२ बिटी क्रमांक आणि चाचणी सुरू झाल्यापासूनची नमुन्यांची संख्या. ही संख्या मी ‘अनसाइन्ड लाँग’ म्हणून लिहिली होती. हा प्रकार ३२ बिटी यंत्रावर ४ बाइटचा असतो आणि ६४ बिटी यंत्रावर ८ बाइटचा. शिवाय तो ८ च्या पटीवर बसावा म्हणून कंपायलर त्याच्याआधी ४ बाइटची पोकळी सोडतो. अशा रीतीने एकाच हेडरमधून, एकाच मॅक्रोने, एकाच आज्ञेचे दोन वेगळे क्रमांक तयार झाले होते. माझ्या मते ही या रचनेची मोठी कृपा आहे, कारण आकार क्रमांकात नसता, तर कर्नेलने ८ बाइटच्या जागेत बिनदिक्कत १६ बाइट लिहिले असते आणि प्रोग्रॅमची शेजारची मेमरी खराब करून ठेवली असती.

दुरुस्तीचा नमुना शोधताना मी त्या सीरियल इनपुटचा ड्रायव्हर उघडला आणि थबकलो. त्याच ‘क्यू’ अक्षराच्या पहिल्या आज्ञेतही ‘अनसाइन्ड लाँग’च होता आणि ३२ बिटी प्रोग्रॅमसाठी त्याच आज्ञेची ‘कॉम्पॅट’ व्याख्या तिथे स्वतंत्रपणे लिहिलेली होती. मी २०१६ साली केवळ क्रमांक टाळण्यासाठी जे हेडर पाहिले होते, त्यातच माझी चूक मला दिसू शकली असती.

ग्राहकाकडे गेलेली आज्ञा बदलायची नाही, हे आमच्यात वादातीत होते. म्हणून ४० क्रमांकाची ८ बाइटची आज्ञा कॉम्पॅट फंक्शनमध्ये जशीच्या तशी ठेवली आणि ४१ क्रमांकाची नवी आज्ञा ठरलेल्या आकारांच्या प्रकारांनी लिहिली: ३२ बिटी चॅनेल, ३२ बिटांची नाव दिलेली राखीव जागा आणि ६४ बिटी संख्या. राखीव जागेबद्दल वरिष्ठांनी बजावले की स्ट्रक्चर भरण्याआधी ते पूर्ण शून्य करा, नाहीतर कर्नेलच्या स्टॅकवरचे (तात्पुरत्या मेमरीतले) जुने बाइट प्रोग्रॅमच्या हाती जातील. आधीच्या स्ट्रक्चरमधल्या पोकळीतून नेमके हेच घडले असते.

दुपारी चार वाजता जुन्या प्रोग्रॅमचा आलेख पडद्यावर आला. त्याच संध्याकाळी आम्ही एक लांबची चाचणी लावली, कारण सेकंदाला १०,००० नमुन्यांच्या वेगाने ३२ बिटी संख्या पाच दिवस पूर्ण होण्याच्या थोडे आधी भरून शून्यावर येते. पाचव्या दिवशी मी यंत्रासमोर बसून होतो. जुन्या पडद्यावरचा आकडा नेहमीप्रमाणे शून्यावर आला आणि ४१ क्रमांकाची आज्ञा वापरणाऱ्या आमच्या छोट्या प्रोग्रॅममध्ये ४,२९,४९,६७,२९५ च्या पुढचे आकडे उमटू लागले.