आमची वाटचाल : ब्लोअरच्या तोंडाशी थर्मामीटर

आमच्या फर्मची सुरुवात बॉयलर-भट्ट्यांच्या बर्नर दुरुस्तीपासून झाली. नोझल साफ करणं, डिफ्यूझरवरची (ज्योत जिथे धरून राहते त्या तबकडीवरची) काजळी काढणं, ठिणगी पाडणाऱ्या इलेक्ट्रोडमधलं अंतर जुळवणं, एवढंच काम. मरोळपासून तळोज्यापर्यंतचे लाँड्रीवाले, डाईंगवाले, फरसाणवाले आमचे ग्राहक. पुढे चिमणीचा धूर तपासणारा फ्लू गॅस अ‍ॅनालायझर घेतला, ट्यूनिंग म्हणजे हवा-गॅसचं प्रमाण लावून देऊ लागलो, आणि एकच तक्रार पुन्हापुन्हा येऊ लागली : जानेवारीत नीट लावलेला बर्नर एप्रिलमध्ये काजळी धरतो. पार्ट सगळे ठीक असायचे. फरक हवेच्या तापमानाचा होता.

बर्नरला हवा देणारा पंखा म्हणजे ब्लोअर हवा घनमीटरने ओढतो, ज्योतीला मात्र ऑक्सिजन किलोने लागतो. १८ अंशांना एक घनमीटर हवा १.२१ किलो भरते, ४५ अंशांना १.११. डॅम्पर (हवेची झडप) तोच, पंख्याचे आरपीएम तेच, गॅसचा दाब तोच; तरी साडेआठ टक्के हवा कमी. चिमणीच्या धुरात उरलेला ऑक्सिजन ३ टक्के दाखवणारा बर्नर दीड टक्क्याच्याही खाली येतो. मग कार्बन मोनॉक्साइड चढतो आणि नळ्यांवर काजळी बसते. उलट भर दुपारी ३ टक्क्यांवर लावलेला बर्नर हिवाळ्यातल्या पहाटे साडेचार दाखवतो. ती जादा हवा तापवून आपण चिमणीतून सोडून देतो. शिवाय लो फायरला, म्हणजे बर्नर मंद चालताना, ज्योत डिफ्यूझरवरून उचलली जाऊन लॉकआउट होतो (बर्नर आपोआप बंद पडतो), आणि ऑपरेटर उगाच फ्लेम सेन्सर बदलत बसतो.

मुंबईत ४५ अंश कुठे, असं ग्राहक विचारतात. गच्चीवर नसतील, पण पत्र्याच्या बॉयलर हाऊसमध्ये, उघड्या स्टीम हेडरशेजारी (वाफेच्या मुख्य पाइपाशेजारी) ब्लोअर ठेवलाय तिथे असतात. म्हणून आम्ही थर्मामीटर थेट ब्लोअरच्या तोंडाशी धरतो. हेडरला लॅगिंग करणं, म्हणजे उष्णता अडवणारं वेष्टन घालणं, आणि ब्लोअरकडच्या भिंतीला खाली हवेसाठी झरोका पाडणं, हा सगळ्यात स्वस्त इलाज. बाहेरून डक्ट आणायचा तर तो ऐसपैस हवा. अरुंद डक्टने सक्शन अडतं आणि हवा पुन्हा कमीच पडते. दोन्ही कामांनंतर बर्नर नव्याने ट्यून करावाच लागतो.

पावसाळ्याचं गणित वेगळं. ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेला हवेतला साडेतीन टक्क्यांहून जास्त भाग वाफच असते. कोरड्या हवेतला २०.९ टक्के ऑक्सिजन तिथे २०.२ वर येतो, म्हणजे तेवढीच हवा ओढूनही ज्योतीला ऑक्सिजन कमी मिळतो.

ट्यूनिंगआधी अ‍ॅनालायझर मोकळ्या हवेत २०.९ ला आणायचा आणि त्याचा कंडेन्सेट ट्रॅप (धुरातलं पाणी साठतं ती बाटली) रिकामा करायचा. प्रोब (अ‍ॅनालायझरची नळी) बॉयलरमधून धूर बाहेर पडतो त्या तोंडाजवळच्या भोकात घालायचा. पुढे डक्टचा जॉइंट गळत असेल तर बाहेरची हवा शिरते आणि ऑक्सिजन खोटा वाढलेला दिसतो. लो, मधला, हाय, प्रत्येक फायरिंगला दहा मिनिटं थांबूनच आकडा घ्यायचा. ऑक्सिजन भरपूर आणि तरी मोनॉक्साइड जास्त, असं दिसलं तर डॅम्परला हात लावू नका. मिश्रण बिघडलंय, डिफ्यूझर किंवा नोझल तपासा. ऑक्सिजन ३ टक्क्यांच्या आसपास असताना हवेच्या दर १० अंशांना त्यात साधारण ०.६ टक्क्यांचा फरक धरतो. थंड सकाळी ट्यूनिंग केलं, तर दुपारसाठी ऑक्सिजन तेवढा वर ठेवतो.

फोर्जिंगच्या भट्ट्यांवर हाच प्रश्न कितीतरी मोठा होतो. भट्टीच्या धुराच्या उष्णतेवर हवा तापवणाऱ्या रिक्युपरेटरमधून हवा ३०० अंशांवर येते. बर्नरच्या त्याच भोकातून, त्याच दाबाला, ३० अंशांच्या तुलनेत तिचं वजन सुमारे २७ टक्के कमी जातं. थंड भट्टीवर लावलेलं प्रमाण तापल्यावर गॅसकडे झुकतं. अशी भट्टी तापलेली असतानाच लावायची.

अलीकडे ऑक्सिजन ट्रिमही बसवतो; ते धुरातला ऑक्सिजन बघून हवा आपोआप कमी-जास्त करतं. त्याचा झिर्कोनिया सेन्सर ओल्या धुरात मोजतो आणि अ‍ॅनालायझर पाणी काढलेल्या धुरात, त्यामुळे पीएनजीवर (पाइपने येणाऱ्या नैसर्गिक वायूवर) अ‍ॅनालायझर ३ दाखवतो तेव्हा सेन्सर अडीच दाखवतो. तो बिघडलेला नसतो. सेट पॉइंट देताना हा फरक धरायचा. ट्रिम नसेल तिथे वर्षातून दोनदा जातो, डिसेंबरात आणि मार्चअखेर. लिंकेजच्या (हवा-गॅसच्या झडपा जोडणाऱ्या दांड्यांच्या) नटवर रंगाची खूण करतो आणि पॅनेलच्या दारावरच्या कार्डावर ऑक्सिजन, मोनॉक्साइड, चिमणीचं तापमान यांच्या आधी, पहिल्याच ओळीत, ब्लोअरच्या तोंडाशी किती अंश होते ते लिहितो.