कुणकेश्वरची वाट आणि पाऊण लिटर पाणी

2023 ची महाशिवरात्र शनिवारी होती, 18 फेब्रुवारीला. त्या वर्षी आमच्या देवाने देवगडजवळच्या, समुद्रकाठच्या कुणकेश्वराला जायचा कौल दिला आणि गावात एकच धांदल उडाली. देवस्वारी माणसांनी ठरवून निघत नाही. वर्षानुवर्षं मानकरी कौल लावतात, देव हुकूम देत नाही आणि गाव मुकाट घरी परततं. माझ्या लग्नाला तेव्हा एकवीस वर्षं झाली होती. तेवढ्या काळात आमचा देव गावाबाहेर पडलेला मी पाहिला नव्हता. सासूबाई ही स्वारी बघायची राहिली म्हणतच गेल्या.

तरी मी जाणार नव्हते. ह्यांचं डायलिसिस सुरू होऊन दोन वर्षं झाली होती. सोमवार, बुधवार, शुक्रवार, दर वेळी चार तास. ज्यांच्या घरात हे आहे त्यांना शुक्रवार ते सोमवार हा लांबचा खाडा कसा असतो ते माहीत असेल. मधले दोन दिवस पाणी अंगात साठत जातं, पाय सुजतात, रात्री आडवं झालं की धाप लागते. डॉक्टरांनी दिवसाला पाऊण लिटर सांगितलं होतं, चहा-आमटी सगळं धरून. घराभोवती तीस माड आहेत आणि घरच्या माणसाला शहाळं वर्ज्य, कारण त्यातलं पोटॅशियम हृदयाला झेपत नाही. आंब्याची एक फोड दिली तरी रात्रभर माझ्या जिवाला घोर. स्टीलचा एक पेला मी ह्यांच्यासाठी वेगळा ठेवला होता, दीडशे मिलीचा. दिवसाचे पाच पेले. स्वयंपाकघरातल्या वहीत प्रत्येक पेल्याची रेघ ओढायची आणि वजन लिहायचं. ती वही माझ्या हातात असली की माणूस माझ्या हातात आहे असं मला वाटायचं.

नणंद येऊन म्हणाली, "वयनी, माका काय मोजूक येना नाय? तू जा."

हे खाटेवरून म्हणाले, "देव भायर पडता तेवा घरातला एक माणूस तरी होया. माका चलूक जमाचा नाय. तू जा."

मी वही नणंदेकडे दिली. देताना हात मागे घेतला होता, तो तिनेही पाहिला.

शनिवारी पहाटे देवळात गाऱ्हाणं झालं. "बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरा तुझ्यावांगडा भायर पडतत, तेंका सुखरूप ने आणि सुखरूप घराक आण," आणि सगळ्या गावाचं एकदम "व्हय म्हाराजा!" पुढे निशाण, मग ढोल, मग लुगडी नेसवलेले तरंग, म्हणजे देवाच्या काठ्या, आणि मागे आम्ही. सगळे अनवाणी. पस्तीसेक किलोमीटर, दोन दिवसांत.

सकाळचं चालणं सुखाचं होतं. झाडीत गारवा, कलमांवर मोहोर, कुठे कुठे सुपारीएवढी कैरी. पण तळेबाजारच्या पुढे सडा, म्हणजे कातळाचा उघडा माळ, लागला आणि दहा वाजल्यापासून कातळ तापायला लागला. डांबर तर पायच ठेवू देईना. आम्ही रस्त्याकडेच्या सुक्या गवतातून चाललो. घराघरांतून बायका कळशा घेऊन उभ्या होत्या, तरंगकाठी धरणाऱ्याच्या पायांवर पाणी ओतायच्या, मग आमच्याही. एकीने पेला भरून कोकम सरबत दिलं. तोंडाला लावायच्या आधी माझी नजर पेल्याच्या काठावर गेली. दोनशे मिली असेल, जास्तच. मग ध्यानात आलं की हे मी प्यायचं आहे. दोन वर्षांत मी स्वतःसुद्धा घोटभर पाणी हिशोबाशिवाय प्यायले नव्हते. तिथेच रस्त्यावर मला रडू आलं. त्या बाईने काही विचारलं नाही, पेला परत भरला.

रात्री एका वाडीत मुक्काम होता. शिवरात्रीचा उपवास, म्हणून वऱ्याचे तांदूळ आणि उकडलेली रताळी. देव मांडवात बसला आणि माणसं एकेक करून आपलं गाऱ्हाणं घालून घ्यायला पुढे जाऊ लागली. कोणाचं लग्न, कोणाचा कोर्टातला दावा, कोणाची बाग कोरडी गेलेली. माझं गाऱ्हाणं घरून ठरलं होतं. माझी किडनी डॉक्टरांनी नाकारली, मला मधुमेह निघाला म्हणून. दीर रक्तदाबामुळे बाद. मग मृत व्यक्तीच्या अवयवासाठी यादीत नाव घातलं आणि दोन वर्षं फोनकडे बघत बसले. देवाकडे एवढंच मागायचं होतं, यंदा फोन येऊ दे.

माझी पाळी आली. मानकरी म्हणाले, "बाय, तुझा काय ता सांग."

आणि मला बोलता येईना. तो फोन येतो तेव्हा आधी दुसऱ्या कुठल्या तरी घरात काय झालेलं असतं, हे मला त्या क्षणी दिसलं. कोणाचा तरी मुलगा गाडीवरून पडलेला असतो, कोणाची आई मेंदूत रक्त साकळून गेलेली असते. इतकं दुःख समोर असताना जे घर अवयव द्यायला होकार देतं, ते घर माझ्या लेखी देवाच्या वरचं आहे. पण ते दुःख लवकर घडू दे असं देवापुढे उभं राहून मी कशी मागू? हे मी याआधी कितीदा मनात मागितलं होतं, आणि कधी थांबून पाहिलं नव्हतं.

"सोमवारचे चार तास नीट जावंदे," मी म्हटलं.

मानकऱ्यांनी तेवढंच, जसंच्या तसं देवाच्या कानावर घातलं. "व्हय म्हाराजा" म्हणणारे तेव्हा चार-पाचच जण जागे होते.

रविवारी संध्याकाळी उतारावरून कुणकेश्वरचं शिखर आणि मागचा समुद्र एकदम दिसला. या देवळाची कथा आमच्याकडे लहान मुलांनाही माहीत असते. एक परदेशी व्यापारी वादळात सापडला, किनाऱ्यावर दिव्याचा उजेड दिसला, त्याने त्या देवाला नवस केला, तरला आणि देऊळ बांधलं. पण आता आपली माणसं आपल्याला घेणार नाहीत म्हणून त्याने शिखरावरून उडी टाकली, असं सांगतात. त्याची कबर देवळाजवळ दाखवतात. लहानपणी मला यातला नवस मोठा वाटायचा. त्या रात्री तो माणूस डोळ्यांपुढे आला, वादळातून सुटलेला आणि तरी न सुटलेला.

पुळणीवर, किनाऱ्याच्या वाळूत, माझ्या शेजारी आमच्या वाडीतले तात्या बसले होते. आयुष्य होडीवर गेलं त्यांचं. मी विचारलं, सकाळी पाणी कुठे असेल? म्हणाले, "तिथीची पाऊणपट कर, पोरी. अमावाश्या म्हणजे पंदरावी. सव्वाअकराक भरतला, वायच मागे-फुडे. पाटचा येळाक सुकतीच असतली." घड्याळ, पंचांग काही न बघता. सुकती म्हणजे ओहोटी. मी बोटांवर करून पाहिलं, चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहा. मग ते आपणहून म्हणाले, की त्यांच्या थोरल्याला समुद्राने नेलं त्या दिवशीही त्यांचा हिशोब बरोबर होता. एवढं बोलून ते उठले आणि तोंड धुवायला गेले. मी त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. हिशोब बरोबर होता. माझ्या वहीतलाही दर वेळी बरोबरच असायचा, आणि मध्यरात्री ऑक्सिजन लावायला दोनदा धावावं लागलं होतं.

सोमवारी, सोमवती अमावास्येच्या पहाटे, खडकांवरची शिवलिंगं उघडी होती आणि पाणी लांब होतं. एकामागून एक गावचे देव समुद्रात उतरत होते. आमचा तरंग पाण्यात गेला, ढोल टिपेला पोचला आणि आम्ही सगळे मागोमाग. मी गळ्यापर्यंत गेले. नाका-तोंडात खारं पाणी गेलं. मोजायचं काही नव्हतं.

बाहेर आल्यावर फोन काढला तर गर्दीमुळे रेंज नाही. सात वाजले असतील. हे आता मशीनवर चढले असतील. आठ वाजले, नऊ वाजले. एरवी मी वेडी झाले असते. मी दर्शनाच्या रांगेत उभी राहिले, ओलं लुगडं अंगावरच सुकवत. भीती गेली नव्हती, पोटात होतीच. पण तिच्यासकट मला रांगेत उभं राहता येत होतं, पुढच्या म्हातारीला हात देता येत होता. सव्वाअकराला पाठमोरी असतानाच ऐकू आलं, लाटांचा आवाज पार जवळ आला होता.

दुपारी दोनला रेंज आली. नणंद म्हणाली, "तीन किलो वाढला हुता, काडला. मदी बीपी पडला, पाय वर केले, झाला बरा. आता निजलो हा." बीपी पडलं तेव्हा मी तिथे नव्हते, आणि पाय वर करणारे हात होते.

मंगळवारी घरी पोचले. जत्रेतला खाजा आणला होता, त्याचं बोटाएवढं कांडं ह्यांना दिलं. रात्री नेहमीसारखी त्यांच्या डाव्या हातावर, डायलिसिसच्या सुईसाठी शिरा जोडून केलेल्या फिश्चुलावर, बोटं ठेवली. आत मांजर गुरगुरावं तशी ती बारीक घरघर लागते. ती चालू आहे म्हणजे उद्या सुई घालता येणार.

"पाणी कसला हुता?" ह्यांनी विचारलं.

"थंडगार," मी म्हटलं, आणि सांगत बसले. वहीत नणंदेने तीन दिवसांच्या रेघा ओढल्या होत्या. एके ठिकाणी सहा होत्या. मी वही मिटली.