बागेत उभा असलेला नदीचा दरवाजा

शहरातील एखादे ठिकाण विद्यार्थ्यांनी स्वतः निवडावे आणि तिथे जाऊन ते पाहावे, हा उपक्रम मी वर्गात पहिल्यांदा घेतला तेव्हा त्यांना आठवडाभराची मुदत दिली, इंटरनेटवर शोध घ्यायला सांगितले आणि निवडीमागची कारणे लिहून मागितली. आठ गटांपैकी सहा गटांनी तीच तीन ठिकाणे लिहून आणली. कारणेही इतकी सारखी होती की सगळ्यांनी एकाच पानावरून उतरवली असावीत असे वाटावे, आणि बहुतेक तसेच झाले होते. मुलांनी आळस केला होता असे मला तेव्हाही वाटले नाही. 'शहरातील पाहण्यासारखी ठिकाणे' असे शोधले, की दुसऱ्या कुणीतरी आधीच निवडलेली ठिकाणे समोर येतात. निवडायला सांगून मी त्यांना निवड झालेल्या जागी नेऊन सोडले होते. चूक माझ्या प्रश्नात होती.

त्यानंतर मी ठिकाण विचारणे बंद केले आणि मागोवा घ्यायला सांगू लागले. एका छोट्या खुणेपासून निघायचे, तिच्यातून जो प्रश्न पडेल त्याच्या मागे जायचे, तिथे सापडलेल्या नावावरून, नकाशावरून किंवा तारखेवरून पुढे सरकायचे, आणि प्रत्येक वळण वहीत नोंदवायचे. ही कल्पना माझी नाही, आणि ती इंटरनेटपेक्षाही जुनी आहे. जुलै १९४५ मध्ये 'द अटलांटिक' या मासिकात व्हॅनेव्हर बुश या अमेरिकी अभियंत्याने मेमेक्स नावाच्या एका काल्पनिक यंत्राचे वर्णन केले होते. त्या यंत्रात वाचक एका कागदावरून दुसऱ्या कागदावर ज्या वाटेने गेला ती वाटच साठून राहणार होती, आणि पुढे ती दुसऱ्याच्या हाती देता येणार होती. अशा वाटा पाडणे हा काही लोकांचा व्यवसायच होईल, असेही त्याने लिहिले होते. शोधाचे फळ जपण्याची सोय सगळेच करतात. शोधाची वाट जपण्याचा हा विचार मला शिक्षिका म्हणून फार मोलाचा वाटतो.

वर्गात अशा शोधाला पहिली शिस्त १९९५ मध्ये मिळाली. सॅन डिएगो स्टेट विद्यापीठातील बर्नी डॉज यांनी 'वेबक्वेस्ट' ही पद्धत मांडली, त्यात शिक्षक काम आखून देतो, संकेतस्थळेही निवडून देतो, आणि विद्यार्थी त्या चौकटीत शोध घेतात. लहान वयाच्या मुलांसाठी ती चौकट मी आजही वापरते. ठिकाण निवडायचे असेल तेव्हा मात्र ती अपुरी पडते, कारण शिक्षकाने निवडलेल्या दुव्यांच्या शेवटी बहुधा शिक्षकाच्या मनातलेच ठिकाण सापडते.

सरावासाठी मी दरवर्षी एकच छायाचित्र दाखवते. लंडनमध्ये टेम्स नदीकाठच्या एका बागेत तीन कमानींचा एक देखणा दगडी दरवाजा आहे. मागे झाडे, समोर हिरवळ, आणि नदी तिथून शंभर मीटरहूनही अधिक दूर. हा दरवाजा १६२६ च्या सुमारास होडीतून उतरणाऱ्यांसाठी बांधलेला आहे, एवढेच मी सांगते आणि थांबते. मग वर्गात तो प्रश्न येतो ज्याची मी वाट पाहत असते: होडीचा दरवाजा बागेत कसा आला?

इथून गट वेगवेगळ्या वाटांनी जातात, आणि तेच पाहण्यासारखे असते. एक गट दरवाजाच्या मालकाच्या मागे लागतो. तो जॉर्ज व्हिलियर्स, बकिंगहॅमचा ड्यूक. त्याचा वाडा पुढे त्याच्या मुलाने विकला, १६७० च्या दशकात त्या जागेवर रस्ते पडले, आणि त्या रस्त्यांना ड्यूकच्या नावातील एकेक शब्द देण्यात आला. व्हिलियर्स स्ट्रीट आणि बकिंगहॅम स्ट्रीट आजही आहेत. इंग्रजी नावातील 'ऑफ' हा शब्दसुद्धा वाया गेला नाही. 'ऑफ अ‍ॅली' नावाची एक गल्ली होती, आणि तिचे नाव बदलले असले तरी नव्या नावाच्या पाटीवर जुने नावही लिहिलेले आहे. हे सापडते तेव्हा मुलांना इतका आनंद होतो की पुढचे काही दिवस ती स्वतःच्या शहरातील प्रत्येक पाटी संशयाने वाचतात. रस्त्याचे नाव हा शहरातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित पुरावा आहे, असे माझे मत आहे.

दुसरा गट नदी का सरकली हे शोधतो. नदी सरकली नव्हती, तिचा काठ पुढे आणला गेला होता. जोसेफ बॅझलजेट या अभियंत्याच्या देखरेखीखाली पात्राचा भाग भरून तिथे बांध घातला गेला, तो १८७० मध्ये खुला झाला, आणि त्याच्या पोटात शहराचे सांडपाणी वाहून नेणारी मोठी वाहिनी आहे. ही वाहिनी का बांधावी लागली, याचा माग १८५८ च्या उन्हाळ्यापर्यंत जातो, जेव्हा नदीच्या दुर्गंधीने संसदेचे कामकाज चालवणेही अवघड झाले होते. तिथून कॉलऱ्याच्या साथी, आणि तिथून १८५४ मध्ये ब्रॉड स्ट्रीटवरील पाण्याच्या पंपापाशी साथीचे मूळ शोधणारा डॉक्टर जॉन स्नो. बागेतल्या दरवाजापासून निघालेली मुले तासाभरात एका पंपापाशी येऊन पोहोचतात, आणि वहीत प्रत्येक वळण लिहिलेले असल्यामुळे ती कशी पोहोचली हे त्यांना सांगता येते.

स्वतःच्या शहराकडे वळताना मी वहीत तीनच गोष्टी मागते: काय पाहत होतो, कोणत्या शब्दाने थांबवले, आणि मग कुठे गेलो. साधनांपैकी जुने नकाशे सर्वांत फलदायी ठरतात. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंड किंवा डेव्हिड रम्झी यांच्या संग्रहाने जुने नकाशे आजच्या नकाशावर बसवून इंटरनेटवर ठेवले आहेत. वरचा जुना नकाशा हळूहळू पारदर्शक केला की पुसून गेलेल्या ओढ्याखालून आजच्या रस्त्याचे वळण वर येते. विकिपीडियाच्या लेखापेक्षा त्याचे चर्चापान मला अधिक कामाचे वाटते, कारण लोकांचे मतभेद तिथे उघड दिसतात आणि मतभेद असतो तिथे पाहण्यासारखे काहीतरी असते. बंद पडलेल्या पानांसाठी वेबॅक मशीन, म्हणजे संकेतस्थळांच्या जुन्या प्रती साठवणारा संग्रह, आहे. एखादे पान विश्वासार्ह आहे का, हे त्याच पानावर रेंगाळून ठरवू नये. बाहेर पडून त्याच्याविषयी इतरांनी काय लिहिले आहे ते पाहावे, ही सवय मी आग्रहाने लावते. शिक्षणाचे अभ्यासक सॅम वाइनबर्ग आणि त्यांच्या स्टॅनफर्ड विद्यापीठातील सहकाऱ्यांना व्यावसायिक तथ्यतपासनीस नेमके असेच वागताना दिसले होते, तर अनुभवी इतिहासकारही पानाच्या रूपाला फसत होते.

अलीकडे मुले थेट एखाद्या संवादी कृत्रिम बुद्धिमत्तेला विचारतात. मी त्याला बंदी घातलेली नाही. मिळालेल्या उत्तराची वाट मात्र वहीत दाखवता आली पाहिजे, ही अट त्यालाही लागू आहे, आणि ती वाट शोधायला बसले की खरा मागोवा तिथूनच सुरू होतो.

आता निवडीविषयी, कारण माझ्या दृष्टीने या उपक्रमाचा गाभा तिथे आहे. मागोव्यात दहा-बारा ठिकाणे लागतात, त्यांपैकी कुठे जायचे? पूर्वी मी मतदान घेत असे, आणि जे सर्वांत प्रसिद्ध तेच जिंकत असे. आता एकच कसोटी आहे: पडद्यावर ज्याचे उत्तर मिळाले नाही असा प्रश्न ज्या जागी शिल्लक आहे, ती जागा निवडायची. ज्या जागेविषयी सगळे कळले आहे तिथे जाऊन मुले केवळ छायाचित्राची खातरजमा करतात. लंडनच्या रस्त्याखालून वाहणारी फ्लीट नदी नकाशावर कितीही वेळा पाहिली, तरी क्लार्कनवेल भागात एका जाळीपाशी कान दिल्यावर तिचे पाणी ऐकू येते ही गोष्ट तिथे वाकल्याशिवाय कळत नाही. जॉन स्नोने आपल्या सुधारित नकाशावर एक रेषा काढली होती, ब्रॉड स्ट्रीटचा पंप आणि आसपासचे इतर पंप यांच्यापासून चालण्याच्या दृष्टीने समान अंतरावर असलेल्या जागा जोडणारी. पक्षी उडतो ते अंतर त्याने धरले नाही, बादली घेतलेला माणूस चालतो ते धरले. ही रेषा मुलांना समजावून सांगण्यापेक्षा गल्ल्यांतून पावले मोजायला लावणे मला नेहमीच सोपे गेले आहे.

या कसोटीमुळे निवडलेली जागा कित्येकदा अगदी सामान्य दिसते, आणि पालकांना ती पटवून द्यावी लागते. एका गटाने रस्त्याचे एक वळण निवडले होते. सरळ जाऊ शकणारा रस्ता तिथे विनाकारण वाकतो, जुन्या नकाशावर त्याच जागी एक ओढा दाखवलेला आहे, आणि नंतरच्या नकाशांत तो नाहीसा होतो, इथपर्यंत त्यांचा मागोवा पोहोचला होता. ओढा बुजवला गेला की झाकला गेला, हे कोणत्याही पानावर मिळाले नाही. आवश्यक परवानग्या आणि सोबतीला एक मोठे माणूस, एवढी तयारी करून आम्ही तिथे गेलो.

सुरुवातीला मुले निराश झाली, कारण दिसण्यासारखे काहीच नव्हते. मग एका मुलीने बाटलीतले पाणी रस्त्याच्या कडेला ओतले आणि ते कुठे जाते हे सगळे पाहू लागले. पाणी वळणाच्या आतल्या बाजूला गेले. दोन्ही टोकांकडून ओतून पाहिले, तरी ते तिकडेच आले. तिथे एक लोखंडी झाकण होते, ज्याची नोंद कुणाच्याही वहीत नव्हती. कोरड्या ऋतूतील दुपार होती, आणि झाकणाखालून वाहत्या पाण्याचा आवाज येत होता. तो ओढ्याचा की केवळ गटाराचा, यावर परतीच्या वाटेवर वाद सुरू झाला, आणि घरी पोहोचण्याआधीच दोन मुलांनी त्या झाकणावरचे अक्षरचिन्ह शोधायला घेतले होते.