मुलं चालताहेत, असं कानावर आलं पाहिजे

योहानाचं तिसरं पत्र म्हणजे नव्या करारातलं सगळ्यात छोटं पुस्तक. मूळ ग्रीकमध्ये जेमतेम सव्वादोनशे शब्द, पपायरसच्या एका पानात मावतील इतके. त्यातलं चौथं वचन बाप्तिस्म्याला, संडेस्कूलच्या वार्षिक कार्यक्रमाला, पाळकांच्या निरोप समारंभाला हमखास वाचलं जातं. आपली मुलं सत्यात चालतात हे ऐकण्यापेक्षा मोठा आनंद मला नाही, असं लिहिणारा म्हणतो. स्वतःला तो नुसतं ‘वडील’ म्हणवतो, म्हणजे मंडळीतला (चर्चमधला) ज्येष्ठ. ‘मुलं’ म्हणजे त्याच्या देखरेखीखाली विश्वासात वाढलेली माणसं.

पण हे वचन एकटं उचललं की अर्धी गंमत जाते. बातमी आणली कोणी, ते तिसऱ्या वचनात आहे. हे पत्र ज्याला लिहिलंय त्या गायसाकडे उतरून गेलेल्या प्रवासी बांधवांनी ती आणली. ‘माझं बरं चाललंय, वडील’ असा अहवाल गायसानं पाठवला होता, असं पत्रात कुठेही नाही. आणि बातमी होती तरी कशाची? अनोळखी माणसांना त्यानं घरात घेतलं, याची. पुढे त्यांची नीट बोळवण कर, असंही वडील सांगतात. बोळवण या शब्दाला हल्ली वाईट वास लागलाय, थोडक्यात कटवणं एवढाच त्याचा अर्थ उरलाय. मूळ अर्थ पाहुण्याला वाटेपर्यंत पोचवायला जाणं. सहाव्या वचनातल्या ग्रीक शब्दात शिधा, वाटखर्च, लागली तर सोबत, हे सगळं येतं.

म्हणजे सत्यात चालणं मोजलं गेलं ते पाहुण्याच्या ताटावर, आणि मोजणारे तिसरेच. नव्या विश्वासीची जबाबदारी घेणाऱ्यानं हे आधी डोक्यात पक्कं करावं, कारण बहुतेक चुका इथूनच सुरू होतात. आपण बातमीची वाट बघत नाही, ती वसूल करायला जातो. रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर ‘वाचन झालं का?’ विचारलं की पहिले दहा दिवस खरं उत्तर येतं, मग अंगठा येतो, आणि महिन्याभरात माणूस सफाईनं खोटं बोलायला शिकतो.

त्यापेक्षा आठवड्यातून एकदा, ठरल्या दिवशी, तासभर बसावं. मार्काच्या शुभवर्तमानाचे १६ अध्याय आहेत. दर वेळी दोन घेतले तर आठ आठवड्यांत पुरं होतं. वाचन मोठ्यानं, आळीपाळीनं. पवित्र शास्त्राचं मराठी पुस्तकी आहे. ‘ह्यास्तव’, ‘च्या ठायी’ इथे माणूस अडखळतो, आणि मनातल्या मनात वाचत असेल तर ते आपल्याला कळतही नाही. वाचनानंतर ‘समजलं का?’ विचारू नये, उत्तर ‘हो’च येणार. ‘या आठवड्यात घरी कोणाशी खटका उडाला?’ असं विचारावं, मग वचन कुठे लागू होतं ते आपोआप निघतं. तीन महिने दर आठवड्याला, पुढचे तीन महिने पंधरा दिवसांनी, नंतर महिन्यातून एकदा. तिसऱ्या महिन्यापासून अध्याय निवडायचं काम समोरच्याकडे द्यावं. हे अंतर वाढवणं आपल्यालाच जड जातं, त्याला नाही.

नव्या माणसाला लगेच स्टेजवर साक्ष द्यायला, म्हणजे आपण विश्वासात कसे आलो ते सांगायला, उभं करू नये. टाळ्या पडतात, फोटो निघतात, आणि चार महिन्यांनी पाय घसरला की लाजेनं तो मंडळीकडे फिरकत नाही. दुसरं म्हणजे उसने पैसे. द्यायचे तर परत मागायचे नाहीत असे द्यावेत, नाहीतर मंडळीच्या मदतनिधीतून मिळवून द्यावेत. उधारी झाली की माणूस आपल्याला टाळतो आणि आपण समजतो विश्वास थंडावला. आणि विश्वासात सांगितलेली गोष्ट प्रार्थनासभेत न्यायची नाही. ‘तिच्यासाठी प्रार्थना करा, नवरा पितो’ हे वाक्य सोमवारी गल्लीभर झालेलं असतं.

महाराष्ट्रात खरी कसोटी गणपतीत लागते. घरात एकट्यानंच विश्वास धरला असेल तर आरतीला उभं राहायचं का, प्रसाद घ्यायचा का, हे प्रश्न येणारच. त्यांवर चतुर्थीच्या दिवशी फोनवर हुकूम सोडू नये. आषाढातच करिंथकरांस पहिल्या पत्राचे आठवा आणि दहावा अध्याय सोबत बसून वाचावेत, मूर्तीला वाहिलेल्या अन्नाचा प्रश्न तिथे आहे. काय करता येणार नाही हे त्याच्या विवेकानं ठरू द्यावं, आणि काय करता येईल याची यादी आपण काढावी: घर झाडणं, स्टेशनवरून मावशीला आणणं, पंगतीत वाढणं. घरच्यांचीही घाई करू नये. ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, लक्ष्मीबाईंचा त्यानंतर सुमारे पाच वर्षांनी.

याच पत्रात दियत्रफेसही आहे, पहिली खुर्ची आवडणारा. आलेल्या बांधवांना तो घेत नाही आणि घेणाऱ्यांना मंडळीबाहेर घालवतो. ‘माझी मुलं’मधला ‘माझी’ फुगला की असा माणूस तयार होतो. आपण शिकवलेली मुलगी शंका घेऊन दुसऱ्याच पाळकांकडे गेली आणि आपल्या पोटात कळ आली, तर तिथेच थांबून विचार करावा.

प्रेषित पौलालाही बातमीची तळमळ होती. अथेन्सहून त्यानं आपला सहकारी तीमथ्य याला थेस्सलनीकेच्या नव्या मंडळीकडे पाठवलं. आजच्या रस्त्यानं हे अंतर सुमारे ५०० किलोमीटर, पायी गेलं तर एका बाजूला अडीच-तीन आठवडे. तीमथ्य परतला तेव्हा तुम्ही टिकून आहात म्हणून आम्ही जिवंत आहोत, अशा अर्थाचं पौल त्या मंडळीला लिहितो.

बातमी आली की ती ज्याची आहे त्याला कळवावी, नेमकी: कोण म्हणालं, काय म्हणालं. वडिलांनी गायसाला तेच लिहिलं. ‘छान चाललंय तुझं’ यातून काही पोचत नाही. ‘तू दवाखान्यात रात्रभर बसलास, असं त्या आजींच्या सुनेनं सांगितलं’ हे पोचतं. शाबासकी लेखी द्यावी. कानउघाडणी समोरासमोर, दियत्रफेसाचा समाचारही वडील स्वतः आल्यावरच घेणार आहेत.

आणि वर्ष गेलं, काहीच कानावर आलं नाही तर? फोन करून ‘चर्चला येतोस ना?’ विचारू नये. जेवायला बोलवावं. आमटीभात चालेल.