धनुष्कोडीचं स्टेशन आणि आईची वाळू

आईला रामेश्वरजवळच्या धनुष्कोडीची वाळू हवी होती, मला तिथलं स्टेशन बघायचं होतं. एकाच रिक्षात दोन्ही कामं झाली.

आईची काशी झालेली आहे, पण सेतूची, म्हणजे धनुष्कोडीची, वाळू प्रयागच्या संगमात सोडल्याशिवाय तिच्या हिशेबात यात्रा पुरी होत नाही. (म्हणजे पुन्हा प्रयागला जाणं आलं. ते तिने बोलता बोलता हळूच सरकवलंच.) रामेश्वरच्या बेटाला जोडणारा पांबनचा नवा रेल्वेपूल एप्रिल २०२५ मध्ये सुरू झाला आणि मे महिन्यात आम्ही मदुराईहून त्यावरून गेलो. शेजारी १९१४ चा जुना पूल रिकामा उभा होता.

तो जुना पूल बांधला तेव्हा नजर होती कोलंबोवर. मद्रासच्या एग्मोरहून बोट मेल सुटायची ती थेट धनुष्कोडीच्या धक्क्यापर्यंत. तिथे आगबोट, पलीकडे लंकेतलं तलैमन्नार, आणि पुन्हा रेल्वेने कोलंबो. तिकीट एकच. पांबनला रूळ फुटायचे: एक फाटा रामेश्वरला, दुसरा धनुष्कोडीला. देवाच्या गावाला फाटा आणि बोटीच्या गावाला मेल, हे ऐकून आई जरा नाराज झाली. धनुष्कोडीला पोस्ट, कस्टम, चर्च, रेल्वेची क्वार्टर्स, सगळं होतं. सगळं त्या बोटीच्या जिवावर.

२२ डिसेंबर १९६४ च्या रात्री वादळ आलं. पांबनहून निघालेली ६५३ नंबरची पॅसेंजर धनुष्कोडीच्या तोंडाशी पोचली होती. सिग्नल मिळेना. ड्रायव्हर बराच वेळ थांबला आणि शेवटी शिट्टी देऊन अंदाजाने पुढे निघाला, असं सांगतात. लाटेने अख्खी गाडी नेली. आत शंभराहून जास्त माणसं होती, एकही वाचलं नाही. गावही गेलं, आणि पुढे सरकारने ते राहायला अयोग्य म्हणून जाहीर केलं.

त्याच वादळात पांबन पुलाचे बहुतेक गर्डर समुद्रात पडले. दुरुस्तीला सहा महिन्यांची मुदत होती. ई. श्रीधरन नावाच्या तरुण इंजिनिअरने मच्छीमारांच्या मदतीने बुडालेले गर्डर शोधून वर काढले आणि ४६ दिवसांत पूल चालू केला. तेच आपले कोकण रेल्वेचे श्रीधरन. आमच्या वाडीत मोजणीवाले खुंट्या ठोकत होते तेव्हा मी सातवीत होतो, हे नाव तेव्हापासून घरातलं. पण ४६ दिवसांत उभा राहिलेला पूल पुढे फक्त रामेश्वरला जात राहिला. बोटही तिकडूनच सुटायला लागली, आणि लंकेत यादवी पेटल्यावर तीही बंद झाली. धनुष्कोडीचे रूळ कुणी पुन्हा टाकलेच नाहीत. मला हेच जास्त लागलं. गाव वादळाने बुडवलं खरं, पण स्टेशन नंतर शांतपणे, कागदावर बुडालं.

आधी अरिचलमुनईच्या टोकाला गेलो. आईने समुद्राला सुपारी आणि रुपया वाहिला, हात जोडले आणि आमसुलाच्या रिकाम्या बरणीत वाळू भरली. परतताना रिक्षावाल्याने जुन्या गावापाशी थांबवलं. शंख-शिंपल्यांच्या माळांची दुकानं, आणि त्यांच्यामागे स्टेशनच्या उरलेल्या भिंती. इकडे दगड म्हणजे प्रवाळ. लांबून मला आपला जांभाच वाटला, जवळ गेल्यावर त्यात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक भोकं दिसली. बोट फिरवलं तर खरखरीत, आणि बोटाला मीठ.

“गाडी येत नाही तर बघायचं काय त्यात?” असं म्हणत आई सावलीला त्याच भिंतीला टेकून बसली. मी खाली पडलेला एक बोटभर तुकडा उचलून खिशात टाकला.

“मी वाळू मागून घेतली,” ती म्हणाली, “तू कुणाला विचारलंस? ठेव तो.”

ठेवला.